पंचमाशेजारची घरघर

कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी मी नुसतं रिकामं रेकॉर्डिंग घेते. डेक चालू, केबल जोडलेली, साउंड कार्डाची लेव्हल नेहमीची. टेप मात्र नाही. मिनिटभर असं घ्यायचं आणि ती फाइल ‘ऑडॅसिटी’ या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिचा स्पेक्ट्रम बघायचा. खालून खालून जाणारी साधी रेघ दिसली तर ठीक. तिच्यातून ५० हर्ट्झवर, १०० वर, १५० वर टोकं वर आलेली दिसली, की काम तिथंच थांबतं आणि वायरींची शोधाशोध सुरू होते. कॅसेट घेऊन आलेली माणसं शेजारी बसलेली असतात. त्यांना हा उशीर सोसवत नाही. “ताई, लावा ना आता, आजोबांचा आवाज ऐकायचाय,” म्हणतात. मी त्यांना सांगते, आधी आपण या संगणकाला गप्प करू, मग आजोबांना बोलू देऊ.

सदाशिव पेठेतल्या राहत्या घरातल्या एका खोलीत मी हे काम करते. जुन्या कॅसेट आणि स्पूल, क्वचित तबकड्या, संगणकावर उतरवून द्यायच्या. घरगुती बैठका, कीर्तनं, नाटकांच्या तालमी, आजीनं जात्यावर म्हणून दाखवलेल्या ओव्या, आखातात नोकरीला गेलेल्या मुलानं पत्राऐवजी पाठवलेलं बोलणं. बाजारात विकत मिळालेली गाण्यांची कॅसेट कुणी आणली तर मी ती परत देते, कारण ते गाणं चांगल्या अवस्थेत दुसरीकडे असतंच. ज्याची जगात दुसरी प्रत नाही, त्यालाच वेळ द्यावा असं मला वाटतं. येणारे लोक डेककडे कौतुकानं बघतात, कारण त्यांच्या घरी कधीकाळी तसा होता. ज्या कार्डातून तो आवाज संगणकात शिरतो ते कुणाला दिसतही नाही. मला मात्र त्या कार्डाबद्दलच सांगायचं आहे.

डिप्लोमा करून मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात संगणक जोडायला लागले, तेव्हा संगणकाला आवाज असा नव्हताच. सुरू होताना कॅबिनेटमधला बारका स्पीकर एकदा ‘पीं’ करायचा, तेवढंच. आवाज हवा असेल तर वेगळं कार्ड घ्यावं लागे. १९८७ साली कॅनडातल्या ‘ॲड लिब’नं संगीतासाठी कार्ड काढलं आणि १९८९ साली सिंगापूरच्या ‘क्रिएटिव्ह’नं ‘साउंड ब्लास्टर’ आणलं. दोन्हींवर यामाहाची तीच संगीताची चिप होती. पण साउंड ब्लास्टरवर रेकॉर्ड केलेला खराखुरा आवाजही वाजायचा आणि माइक लावून तो घेताही यायचा. या फरकावर बाजार फिरला. क्रिएटिव्हचे संस्थापक सिम वाँग हू २०२३ च्या जानेवारीत गेले, तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी हार्डवेअरवाल्यांना हळहळ वाटली असेल. आमच्या पिढीनं डिजिटल आवाज पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्या कार्डातून.

नव्वदीच्या मध्यावर ‘मल्टिमीडिया किट’ म्हणून एक मोठा खोका यायचा. त्यात सीडी ड्राइव्ह, साउंड ब्लास्टर १६ आणि दोन स्पीकर. तो बसवायला घरोघर जावं लागे. स्लॉटमध्ये कार्ड घट्ट बसवायचं, सीडी ड्राइव्हपासून कार्डापर्यंत ती चार पिनांची बारीक वायर ओढायची, मग डॉसच्या फायलीत ए-२२०, आय-५, डी-१ अशी ओळ घालायची. प्रिंटरचा पोर्ट किंवा दुसरं एखादं कार्ड पाचव्या इंटरप्टवर आधीच बसलेलं असलं तर संगणक मुका. सगळं जुळून आलं आणि स्पीकरमधून पहिला सूर निघाला, की घरातली सगळी माणसं स्वयंपाकघरातनं हात पुसत बाहेर यायची. संगणकाच्या कामात तेवढा आनंद मी नंतर फार कमी वेळा पाहिला.

मग कार्ड नाहीसं झालं. इंटेलनं १९९७ मध्ये ‘एसी ९७’ हे मानक आणलं, २००४ मध्ये ‘एचडी ऑडिओ’ आलं, आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच यायला लागली. बहुतेक बोर्डांवर रिअलटेकची. वेगळं कार्ड म्हणजे पैशाची उधळपट्टी, असं आम्ही दुकानदारच गिऱ्हाइकाला सांगू लागलो आणि त्यात खोटं काही नव्हतं. सिनेमा बघायला, गाणी लावायला, मुलांच्या खेळांना बोर्डवरचा आवाज पुरतो. या चिपा कागदावरही कमी नाहीत. आजच्या बऱ्यापैकी बोर्डवरच्या चिपेचे आकडे जुन्या साउंड ब्लास्टरपेक्षा कितीतरी सरस आहेत. बिघडतं ते चिप जिथं बसवली आहे त्या जागेमुळे.

मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारे रेग्युलेटर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतात. ग्राफिक्स कार्ड क्षणात थोडा, क्षणात भरमसाट करंट ओढतं. पंख्यांच्या मोटरी, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस, डिस्क, सगळ्यांचा परतीचा प्रवाह त्याच तांब्याच्या थरातून जातो. कॅसेट डेकमधून येणारा सिग्नल जेमतेम पाव-अर्ध्या व्होल्टचा, आणि त्यातली हलकी कुजबूज मिलिव्होल्टच्याही खाली. पिठाच्या गिरणीत उभं राहून कुणाचं हळू बोलणं ऐकायला जावं, तसं ते होतं. अनेकांनी अनुभवलं असेल: हेडफोन कानाला लावून माउस हलवला की बारीक ‘चिर्र’ ऐकू येतं, पान वरखाली सरकवलं की त्याची चाल बदलते. तो माउसचा आवाज नसतो. पडदा नव्यानं रंगवताना ग्राफिक्सनं घेतलेल्या विजेचा तो बहुधा आवाज असतो.

वेगळ्या कार्डाचा पहिला फायदा इथं आहे. आवाजाचा नाजूक भाग त्या गर्दीतून उचलून स्वतःच्या छोट्या पट्टीवर येतो, त्याला स्वतःचा वीज गाळणारा भाग मिळतो, स्वतःचं घड्याळ मिळतं. तरी कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसवलंय यानं फरक पडतोच. ग्राफिक्स कार्डाला खेटून बसवलेलं महागडं कार्ड आणि सर्वांत खालच्या स्लॉटमध्ये बसवलेलं मध्यम कार्ड अशी तुलना मी ज्या ज्या मशीनवर केली, तिथं बहुतेक वेळा खालचं मध्यम कार्डच शांत निघालं. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे जॅक तर मी रेकॉर्डिंगला वापरतच नाही. तिथून बोर्डापर्यंत एक लांब वायर सगळ्या गोंगाटातून जाते.

माझं पहिलं कामाचं कार्ड साउंड ब्लास्टर लाइव्ह होतं, १९९८ साली बाजारात आलेलं. त्याची एक खोड होती. आतलं सगळं काम ते ४८ किलोहर्ट्झवर करायचं, त्यामुळे सीडीसाठीचं ४४.१ चं रेकॉर्डिंग मागितलं की ते आधी ४८ वर घेऊन मग हिशेब करून खाली आणायचं, आणि त्या बदलात वरच्या पट्टीतल्या आवाजाची धार जायची. म्हणून मी थेट ४८ वर घ्यायची. पुढे एम-ऑडिओचं ‘ऑडिओफाइल २४९६’ घेतलं. त्यावर माइकचा जॅक नाही, खेळांसाठीचे दिवे नाहीत, घुमारा वाढवणारी बटणं नाहीत. लाल-पांढऱ्या आरसीए जोड्या, त्याच ज्या कॅसेट डेकच्या पाठीमागे असतात. आवाज जसा आहे तसा आत आणि तसाच बाहेर. माझ्या खोलीत सर्वांत जास्त काम त्या पट्टीनं केलं. नव्या बोर्डांवर पीसीआयचा स्लॉटच येईनासा झाला तेव्हा तिला निवृत्त केलं आणि यूएसबीला जोडायचं बाहेरचं कार्ड, म्हणजे एक डबी, घेतली.

आता शास्त्रीय संगीताच्या कॅसेटकडे येते, कारण मला एवढी घासाघीस का करावीशी वाटते ते तिथंच कळतं.

कुणीही जाणकार विचारेल, की कॅसेटची स्वतःचीच खरखर एवढी, की डॉल्बी नसेल तर आवाज आणि खरखर यांच्यात पन्नासेक डेसिबलचंच अंतर. सोळा बिटांचं साधं कार्डही शहाण्णव डेसिबलचा आवाका देतं. मग चांगल्या कार्डानं नेमकं काय साधतं? आकड्यांत हा प्रश्न बरोबर आहे. पण टेपची खरखर पसरट असते, कान तिच्यामागचं गाणं काही वेळात वेगळं काढतो. विजेच्या घरघरीला मात्र ठाम सूर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. पॉवर सप्लायमध्ये ती एकदिश होताना १०० हर्ट्झचा कंप उरतो. या १०० हर्ट्झच्या शेजारी काय राहतं बघा. पांढरी एक या पट्टीत गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारे १३१ हर्ट्झवर असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची पहिली तार, मंद्र पंचमाची, ९८ हर्ट्झवर. काळी एक असेल तर ती १०४ वर. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याचा खर्ज, तोही ९८. म्हणजे संगणकाची घरघर तंबोऱ्याच्या तारेला खेटून, थोडीशी बेसुरी होऊन, सबंध मैफलभर वाजत राहते. ९८ आणि १०० यांचा झगडा सेकंदाला दोन हेलकाव्यांनी ऐकू येतो. ज्यानं तंबोरा जुळवताना अर्धा तास घालवला असेल त्याच्या बाजूला आपण हा सूर लावून ठेवायचा का?

“मग नंतर सॉफ्टवेअरनं काढून टाका की,” असं तरुण मंडळी सुचवतात. १०० हर्ट्झ कापायला गेलं की पंचमाची तारही कापली जाते. फिल्टर अगदी अरुंद केला तर तो स्वतःच घुमायला लागतो आणि तारेचा झंकार लांबल्यासारखा वाटतो. आवाजाचा नमुना देऊन गोंगाट वजा करणारी साधनं आहेत, चांगली आहेत, पण एकसारखं टिकून राहणारं जे जे असेल त्याला ती गोंगाट समजतात. आणि तंबोऱ्याइतकं एकसारखं टिकून राहणारं आपल्या संगीतात दुसरं काय आहे? आत शिरलेली घरघर पुढे निघत नाही, तिला दारातच अडवावं लागतं. चांगल्या साउंड कार्डावर खर्च करायचा तो या एका कारणासाठी, असं माझं ठाम मत आहे.

कार्ड चांगलं असूनही घरघर येते तेव्हा चोर बहुधा भिंतीत असतो. डेक एका खोलीतल्या प्लगवर, संगणक दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर. दोघांची अर्थिंग वेगळ्या वाटेनं मेन बोर्डाला जाते आणि मधली ऑडिओ केबल दोघांना जोडून एक वेटोळं पुरं करते. त्या वेटोळ्यात वीज फिरते आणि थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. एका वाचनालयात जुन्या व्याख्यानांच्या कॅसेट उतरवायच्या होत्या. तिथल्या मंडळींनी घरघरीला कंटाळून नवं कार्ड मागवायचं ठरवलं होतं. डेक आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले, मॉनिटरची वायर ऑडिओ केबलपासून बाजूला केली, आणि स्पेक्ट्रमवरची टोकं बसली. कार्डाचे पैसे वाचले, त्यातून त्यांनी डेकचे बेल्ट बदलून घेतले. दोन उपकरणं एका बोर्डावर आणणं शक्य नसेल तर ऑडिओ केबलच्या मध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालता येतो. मात्र प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा जो उपाय काही कारागीर सुचवतात तो कृपा करून कधीही करू नका. घरघर जाते हे खरं, पण त्याबरोबर तुमच्या जिवाचं संरक्षणही जातं.

लोक घरी स्वतः प्रयत्न करून मग माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या फायलीत एकच दोष असतो. टेपरेकॉर्डरची वायर त्यांनी गुलाबी जॅकमध्ये घातलेली असते. गुलाबी जॅक माइकचा. माइकचे काही मिलिव्होल्ट शंभर पटीनं वाढवायला तो बसलेला असतो, त्यात डेकचा सिग्नल घातला की आवाज फाटतो, आणि पुष्कळदा डावं-उजवं मिळून एकच होतं. निळा जॅक लाइन-इनचा, तो हवा. लॅपटॉपवर तो मिळणं मुश्किल, आणि आता बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवरूनही तो जायला लागलाय. अशा वेळी लाइन-इन असलेली साधी यूएसबी डबी हा सर्वांत सोपा मार्ग. फाटलेला आवाज मात्र पुन्हा शिवता येत नाही. कॅसेट शाबूत असेल तर परत घ्यावा लागतो.

दुसरा दोष विंडोजच्या आत लपलेला असतो. साउंडच्या सेटिंगमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ नावाचं एक पान असतं आणि नाव वाचून सगळ्यांना ते चांगलं वाटतं. लाउडनेस इक्वलायझेशन चालू असेल तर ऐकताना गवई श्वास घ्यायला थांबला की तंबोरा एकदम वर येतो आणि त्यानं सूर लावला की दबतो. नॉइज सप्रेशन चालू असेल तर तंबोरा दोन-तीन सेकंदांत नाहीसाच होतो.

कोविडच्या टाळेबंदीच्या वर्षी हे फार ठळकपणे दिसलं. आमच्या पेठेतल्या एक गायिका अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलींना व्हिडिओ कॉलवर शिकवायच्या. मुली म्हणायच्या, “बाई, तुमचा तंबोरा ऐकूच येत नाही.” बाईंनी तंबोरा माइकजवळ आणला, मग आणखी जवळ, उपयोग शून्य. मी गेले तेव्हा आधी त्यांच्या संगणकातलं नॉइज सप्रेशन बंद केलं, मग कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ आवाज पाठवण्याचा पर्याय चालू केला, कारण ते सॉफ्टवेअरही स्वतःच्या बुद्धीनं तंबोरा पुसत होतं. आणि वेबकॅमच्या माइकऐवजी एक बऱ्यापैकी माइक यूएसबी इंटरफेसला जोडून दिला. पलीकडून लेकरू ओरडलं, “आला, आला!” बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा पंचम छेडला आणि शिकवणी सुरू केली. एक अडचण तरीही राहिलीच: आवाज पलीकडे पोचायला लागणारा उशीर कुठलंच कार्ड घालवू शकत नाही. म्हणून गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नव्हते, एकानं गायचं आणि दुसऱ्यानं मग म्हणायचं, एवढंच.

घरघरीची एक बाजू अजून सांगायची राहिली, आणि मला ती या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. टेपमध्ये मुळातच रेकॉर्ड झालेली घरघर असते. सत्तर-ऐंशीच्या दशकात विजेवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरनं बैठक घेतली असेल तर त्या दिवाणखान्यातली वीज त्या टेपवर उतरलेली असते. टेप सुरू केल्यावर ती ऐकू येते, टेप थांबवली की थांबते. आपल्या वायरींची घरघर थांबत नाही, यावरून दोघी वेगळ्या ओळखता येतात. आता त्या जुन्या घरघरीचा आकडा बघायचा. तो १०० ऐवजी १०३ दिसला, तर टेप मूळ वेगापेक्षा तीन टक्क्यांनी जलद चालतेय, असा अंदाज. तीन टक्के म्हणजे जवळजवळ अर्ध्या सुराचंही अर्धं. सहा टक्के वेग वाढला तर काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गायला लागतो, आणि त्याच्या आवाजाचं वजनच बदलतं. घरच्यांना ते लगेच जाणवतं, “आवाज आहे बाबांचाच, पण बाबा असे नव्हते,” म्हणतात. वेग दुरुस्त करून दिला की त्यांचे चेहरे सांगतात.

या हिशेबावर आंधळा विश्वास मी टाकत नाही. त्या काळी आपल्या वीजजाळ्याची वारंवारता ५० वरून बरीच हलायची, म्हणून गवयाची नेहमीची पट्टी, साथीच्या पेटीचा सूर, घरच्यांची आठवण, असे दुसरे पुरावे ताडून बघते. बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरला तर ही खूणच नसते, आणि सेल उतरत गेल्यामुळे त्यातलं रेकॉर्डिंग शेवटाकडे चढ्या सुरात वाजतं; तिथं पेटीच्या आधारानं तुकड्यातुकड्यानं जुळवावं लागतं. पण वीज साक्षीला असेल तिथं तिची साक्ष मोलाची असते, आणि ती ऐकायला आपलं कार्ड गप्प असणं भाग आहे. माझीच १०० ची घरघर वर चढलेली असेल तर टेपमधली १०३ ची पुसट रेघ मला दिसणार कशी?

रेकॉर्डिंग मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांवर घेते, आणि स्पूल चांगला असेल तर ९६ वर. जगभरच्या ध्वनिसंग्रहांच्या ‘आयएएसए’ या संघटनेनं जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगितलं आहे. चोवीस बिटांचा उपयोग कॅसेटची श्रीमंती वाढावी म्हणून नाही. त्यानं खाली जागा भरपूर मिळते, त्यामुळे लेव्हल ठेवताना वरती बारा-एक डेसिबल मोकळे सोडता येतात. बैठकीत कुणी मधेच जोरात दाद दिली, पखवाजावर थाप पडली, तर आवाज फाटत नाही. एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटला दीड जीबीच्या आसपास जागा लागते. आजच्या डिस्कला ते काहीच नाही. ही पहिली कच्ची फाइल जशीच्या तशी ठेवायची, खरखर काढणं, वेग सुधारणं, सगळं तिच्या प्रतीवर करायचं. पुढच्या वीस वर्षांत आपल्याहून हुशार साधनं येतील, त्यांना मूळ आवाज मिळाला पाहिजे.

नुसतं गाणं ऐकण्यासाठी डेस्कटॉपचा आवाज सुधारायचा असेल, तर कार्ड विकत घेण्याआधी स्पीकर बदला. धपधप करणाऱ्या सबवूफरच्या संचाला जगातलं कुठलंही कार्ड तबल्याचा बायाँ नीट वाजवायला शिकवणार नाही. मध्यम प्रतीचे दोन स्पीकर, कानाच्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर पुढे. एवढ्यानं जो फरक पडतो तो कार्डानं पडत नाही. हेडफोनवर ऐकणाऱ्यांचं थोडं निराळं. काही बोर्डांच्या जॅकमध्ये हेडफोन नीट ओढण्याचा दम नसतो, खालचे सूर फुगतात किंवा विरळ होतात, तिथं बाहेरची छोटी डबी लगेच उपयोगी पडते. आणि माउस हलवल्यावर तुम्हाला ती ‘चिर्र’ ऐकू येत असेल, तर मग मात्र वेगळं कार्ड किंवा डबी घ्या. त्यावरचा खर्च वाया जाणार नाही.

पण ज्यांच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, जुन्या बिस्किटांच्या डब्यात कॅसेट पडलेल्या आहेत, त्यांच्याशी मला जास्त बोलायचं आहे. कोकणातल्या घरांतून माझ्याकडे येणाऱ्या कॅसेटवर पांढरी बुरशी असते, आणि प्रत्येक पावसाळा ती वाढवतो. तशी कॅसेट घरच्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढची टेप खराब करते. आधी ती साफ करून घ्या. डेकचे बेल्ट आणि हेड बदलणारे कारागीर आता थोडे उरले आहेत, आणि चालू स्थितीतला डेक दरवर्षी आणखी दुर्मीळ होतोय. कॅसेट बाहेर काढा, कोरड्या जागी उभ्या ठेवा, प्रत्येकीवर कोण बोलतंय, कुठं, कोणत्या साली, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून लिहून ठेवा. मग स्वतः करा किंवा कुणाकडून करून घ्या. स्वतः करणार असाल तर आधी मिनिटभर रिकामं रेकॉर्डिंग घेऊन बघा. आणि फाइल झाली म्हणून मूळ कॅसेट टाकून देऊ नका.